दाराशी बसा, जाऊबाई

जाऊबाईंबद्दल चार बरे शब्द बोल, असं माझ्या नवऱ्याने, मेल्सने, मला बजावलंय. माझी ना नाही. पण बरे शब्द बोलून झाले की मला लगेच उठावं लागेल, कारण ते फार नाहीत. उल्कान म्हणजे कामाला वाघ, आणि कुणाच्या बापाला न भिणारी. संपले. आता खरं सांगते.

मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा रीतीप्रमाणे मला पडद्याआड बसवलं होतं आणि बायका एकेक करून तोंड बघायला येत होत्या. सगळ्या काही ना काही गोड बोलल्या. मग थोरली जाऊ आली. तिने पडदा सारला, माझी हनुवटी वर केली, खालून वरून नीट निरखलं आणि बाहेरच्या घोड्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दात बरे आहेत. खांद्यात काही जोर नाही. मेल्स, बायको आणलीस का बाहुली? शहरातली दिसतेय."

शहर म्हणजे नारीन. तिथल्या बाजारामागे आमच्या गायी होत्या आणि मी शाळेत जायच्या आधी शेण काढत होते. पण नव्या सुनेने बोलायचं नसतं. मी गिळलं. ते जे गिळलं ते आजपर्यंत घशात आहे.

तिचा नवरा, माझा थोरला दीर तोक्तोसून, हिवाळी कुरणावर बर्फात गेला. पदरात चार पोरं. रडायला बायका गोळा झाल्या, तर हिने त्यांच्या हातात दोऱ्या दिल्या आणि गोठ्यात पाठवलं. "रडायचं ते दूध काढता काढता रडा," म्हणाली. पुढच्या उन्हाळ्यात कळप घेऊन स्वतः वर गेली. मला कीव आली. मी नवीच, मन मऊ. पोरांसाठी मी साय पाठवली. तिने ती कुत्र्याला घातली आणि भांडं लख्ख घासून परत पाठवलं, वर निरोप, "सायराला सांगा, आमच्याकडे अजून भीक लागलेली नाही." अशी बया. माझ्या रोटीला ती रबर म्हणायची. माझा नवरा हडकला, तर ते माझ्या हातचं खाऊन. पुढे त्याला पोट सुटलं, तर तेही माझ्या हातचंच खाऊन.

चारही पोरं तिने शिकवली, लग्नं केली, हे खरं. ते मघाच्या बऱ्या शब्दांत धरा.

आता तोरचं सांगते, कारण सगळी आग तिथेच लागली. दारातून आत आलं की समोर, अगदी टोकाला, रजयांचा ढीग रचलेला असतो. त्या ढिगाला पाठ टेकून जी जागा, ती तोर. तिथे सगळ्यात थोर माणूस बसतं. तिथून वयाने आणि मानाने उतरत उतरत माणसं भिंतीकडेने दारापर्यंत येतात, आणि दाराशी समोवारापाशी घरातली धाकटी सून चहा ओतत बसते. कोण कुणाच्या वर बसलं, यावरून आमच्यात बोलणं बंद होतं. मेंढी कापली की मटणसुद्धा त्याच क्रमाने येतं. थोर बाईला माकडहाडाकडचा चरबीचा तुकडा, तिच्या खालचीला मांडीचं हाड, असं. आणि जेवणं उरकली की तोरवरचं थोर माणूस तळवे वर करून दुवा देतं, आणि बाकीच्यांनी तळवे वर धरून ओमीन, म्हणजे तसंच होवो, म्हणायचं. हात खाली ठेवणं म्हणजे दुवा नाकारणं. ती झाल्याशिवाय कुणी उठत नाही. तोरवरून मधेच उठायचं तर सगळ्या ओळीने गुडघे पोटाशी घ्यायचे, मधे अंथरलेलं जेवणाचं कापड, म्हणजे दस्तरखान, ओलांडायचं नाही, म्हणजे भिंतीला घासत घासत सगळ्यांच्या तोंडासमोरून जायचं. बाई कुठे निघाली, ते सगळ्यांना कळतं.

आमच्या बायकांत आधी कालीपा नावाची म्हातारी तोरवर बसायची. म्हातारपणाने तिला धीर निघेना. एका लग्नात दोनदा उठली. पुढच्या लग्नात उल्कानने तिचा हात धरला, मधाळ आवाजात म्हणाली, "कालीपाआपांना उठाबशीचा त्रास होतो गं, जरा अलीकडे बसवा त्यांना, दाराजवळ." आणि स्वतः जाऊन तोरवर बसली. म्हातारी दाराशी बसून डोळे पुसत होती. पुढचा हिवाळा काही तिने काढला नाही. मी हे माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

तेव्हापासून उल्कान तोरवर, आणि तिच्या गुडघ्याला गुडघा लावून दुसरी मी. किती वर्षं मी तिच्या चावणाऱ्या जबड्याकडे बाजूने बघत बसलेय. मला ती जागा हवी होती. खोटं कशाला बोलू? हवीच होती.

तिचं डोकं दुखायला लागलं ते कुरणावर. कानात शीळ वाजते म्हणायची, रुमाल कपाळावर करकचून बांधायची आणि तोंडात कुरुत धरून बसायची. चक्क्यात मीठ कालवून वाळवलेले ते खारट गोळे म्हणजे तिचा जीव की प्राण. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायची, "मला काय धाड भरलीय!" शेवटी मी माझ्या गुडघ्यांसाठी निघाले होते, तर मला नावं ठेवायला म्हणून सोबत आली. आमची डॉक्टर एल्मिरा, गावातलीच पोरगी, तिने मला तपासता तपासता हिच्या दंडालाही पट्टा बांधला. बांधला, बघितलं, परत बांधला.

"आपा, बीपी भयंकर चढलंय."

"यंत्र बिघडलंय तुझं."

"सायराआपांचं आत्ताच घेतलं, ते बरोबर आलं की."

"हिच्या अंगात रक्तच कुठे आहे चढायला!"

एल्मिरा हसली नाही. मी तर नाहीच. तिने गोळी लिहून दिली आणि समजावून सांगितलं, तेही दोनदा. ही गोळी अंगातलं जादा मीठ आणि पाणी लघवीवाटे काढते, त्याने दाब उतरतो. घेतल्यावर काही तास सारखं जावं लागेल, म्हणून सकाळीच घ्यायची, न्याहारीबरोबर, रोज एक. रात्री घेतलीत तर झोपेतून उठून अंधारात पडाल. एखाद दिवशी राहिली आणि दुसरी सकाळ उजाडली तर गेली ती गेली, दोन एकदम घ्यायच्या नाहीत. लघवीच्या भीतीने पाणी-चहा तोडायचा नाही. उठताना आधी जरा बसून घ्यायचं, मग उभं राहायचं. जुलाब-उलट्या झाल्या तर गोळी घ्यायच्या आधी मला निरोप पाठवायचा. गुडघ्यांसाठी बाजारातून आणता त्या गोळ्या मला विचारल्याशिवाय बंद. आणि काही आठवड्यांनी रक्त तपासायला यायचं, कारण ही गोळी मिठासोबत अंगाला लागणारे दुसरे क्षारही काढून नेते.

"आणि कुरुत?" जाऊबाईंनी विचारलं.

"कुरुत कमी. चहात मीठ घालता, तेही बंद."

"मग जगायचं कशाकडे बघून? हिच्या तोंडाकडे?"

उन्हाळाभर तिने गोळी नीट घेतली, आणि गुण आला. कुरणावर अडचण कसली? जिथे बसाल तिथे आडोसा, एवढाले दगड पडलेत. डोकं थांबलं, पायांची सूज उतरली, तोंडाचा पट्टा पुन्हा जोरात सुरू झाला. रक्त तपासायला मात्र गेली नाही. "मला बरं वाटतंय, आता रक्त कशाला सांडू?" म्हणे. मग थंडी पडली, कळप खाली आले, आणि आमच्याकडे कळप खाली आले की समारंभ सुरू होतात. लग्नं, बारशी, वर्षश्राद्धं. बर्फ पडेपर्यंत कुठल्या ना कुठल्या अंगणात कढई चढलेली असतेच.

एका वर्षश्राद्धात माझ्या लक्षात आलं की ही चहा पीत नाहीये. सून प्याला भरून पुढे करतेय आणि ही वर तळहात ठेवून परत पाठवतेय. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तोरवर बसून राहिली, एकदा म्हणून उठली नाही. चेहरा लालबुंद. म्हटलं, ही गोळी खाऊन एवढी कशी बसते? मला तर गोळी न खाता दोनदा उठावंसं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याकडे कढई परत द्यायला गेले. ही चुलीपाशी बसून गोळ्यांचं पाकीट फोडत होती. एक काढली, मग दुसरी काढली, दोन्ही तोंडात टाकल्या.

"जाऊबाई, दोन?"

"कालची आजची."

"काल घेतली नाहीत?"

"काल तोरवर होते."

असं, जणू मीच खुळी. तेवढ्यात ती उठायला गेली आणि तिने दाराची चौकट धरली. डोळे मिटून तशीच उभी राहिली. मी हात पुढे केला तर माझ्या हातावर चापट मारली. तिची सून बेगिमाय, बिचारी गरीब गाय, मला हळूच म्हणाली की आईंच्या पोटऱ्यांत गोळे येतात, रात्रभर कण्हत असतात, पण कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातलीय.

मला शपथ नव्हती. मी तडक दवाखान्यात गेले आणि सगळं सांगितलं. होय, चुगली केली, आणि परत वेळ आली तर परत करेन. मला तिचा पुळका आला होता असं समजू नका. ती जर तोरवर बसल्या बसल्या मेली असती, तर गावाने पुढची पन्नास वर्षं तिचं नाव काढलं असतं आणि मी त्या जागेवर बसले की म्हटलं असतं, इथे उल्कान बसायची. मला ती जिवंतपणी उठायला हवी होती.

एल्मिरा त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेली, मागोमाग मीही. तिने बीपी घेतलं, रक्त काढलं, पोटऱ्या चेपून बघितल्या. "आपा, समारंभाच्या दिवशी गोळी चुकवता तेव्हा दाब वर उसळतो. दुसऱ्या दिवशी दोन घेता तेव्हा धाडकन खाली येतो, आणि अंगातले क्षार वाहून जातात, त्याचे हे गोळे येतात. एक दिवस तुम्ही पडाल तरी, नाहीतर डोक्यातली शीर फुटेल. हे असं चालणार नाही."

"मग समारंभाला जाऊ नको?"

"जा की. गोळी घेऊन जा. पहाटे उठल्या उठल्या घ्या, बराचसा जोर जेवणाआधी ओसरतो. आणि गोळी चुकवण्यापेक्षा जागा बदला. दाराशी बसा. हवं तेव्हा उठा, कुणाचे गुडघे आड येणार नाहीत."

उल्कानने बाही खाली ओढली. मग तिने माझ्याकडे बघितलं. असं बघितलं की मी दोन पावलं मागे सरले.

"हे तू शिकवलंस तिला."

"मी कशाला शिकवू? डॉक्टर आहे ती!"

"दाराजवळ बसवा त्यांना. उठाबशीचा त्रास होतो. माझेच शब्द मलाच ऐकवतेस काय गं? कालीपाला मी उठवलं तेव्हा तू शेजारीच बसली होतीस. बरोबर ध्यानात ठेवलंस."

"जीव जाईल तुमचा!"

"जाऊ दे. तोरवर जाईल. तू बस जिभल्या चाटत."

"एवढी मरणाची हौस असेल तर मरा!" मी म्हटलं आणि दार आपटून निघाले. घरी येऊन मेल्सवर सगळा राग काढला. तो म्हणाला, "दोघी बसा दाराशी, मिटलं." पुरुषाला काय कळतंय! पण झोपताना ते डोक्यात घोळत राहिलं.

तिचा नातू ऐबेक याचं लग्न त्यानंतर थोड्याच दिवसांनी निघालं. त्याआधी सलग तीन दिवस गावात समारंभ होते आणि तिन्हीकडे ती तोरवर होती. लग्नाच्या सकाळी मी कणीक मळायला तिच्या घरी पोचले. अंगणात तंबू उभा राहिला होता, मेंढ्या कापून झाल्या होत्या. ही आतल्या खोलीत नवा पांढरा रुमाल कपाळावर आवळून बांधत होती. फळीवर पाकीट होतं. मी उचलून बघितलं. बेगिमायने आधी सांगितल्या होत्या तेवढ्याच गोळ्या शिल्लक होत्या, म्हणजे गेले तीन दिवस तिने हात लावला नव्हता. या वेळी दोन घेणंही जमलं नव्हतं, कारण रोजच कुठे ना कुठे तोर होती.

मी दार लावून घेतलं. आवाज खाली ठेवला, हे माझ्यासाठी फार झालं.

"जाऊबाई, ऐका. आजची गोळी घ्या, फक्त आजची, एक. आणि दाराशी बसा. मी पण तुमच्याबरोबर दाराशी बसते. तोर मोकळी राहू दे. कुणीच बसायचं नाही. मग तर झालं?"

तिने आरशातून माझ्याकडे बघितलं. क्षणभर वाटलं ऐकेल. खरंच वाटलं.

"माझ्या नातवाच्या लग्नात तोर मोकळी? नवरीकडचे म्हणतील, घरात थोर माणूस उरलं नाही वाटतं."

"मेलात तर काय म्हणतील?"

"आणि मी दाराशी बसल्यावर तू मधेच तोरवर उडी मारणार नाहीस, कशावरून?"

"घेते शपथ! माझ्या पोरांची शपथ!"

"तुझी पोरं तुझ्यावरच गेलीत," ती म्हणाली आणि पाकीट माझ्या हातातून ओढून घेऊन उशीखाली सारलं. "चल, कणीक वाळतेय. आधीच तुझी रोटी रबर."

मग मात्र माझी तार सटकली. पाहुणे तंबूत बसले, नवरीकडच्या बायका, आमच्या बायका, सगळ्या. उल्कान तोरवर, मी तिच्या शेजारी. डॉक्टर एल्मिराही आली होती, तरुण बायकांत दाराकडे बसली होती. चहाचा प्याला आला, उल्कानने वर तळहात ठेवला, आणि मी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हटलं, "घ्या की जाऊबाई, चहा घ्या! लघवी लागेल म्हणून भिऊ नका, इथे बसलेल्या सगळ्यांनाच लागते! डॉक्टरने गोळी दिलीय, ती ही बाई जागेसाठी खात नाही. सांगा कुणीतरी तिला!"

बेगिमायच्या हातातून चमचा पडला.

उल्कान सावकाश हसली. "बघा गं," ती नवरीच्या आईला म्हणाली, "ही माझी धाकटी जाऊ. इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून माझ्या ढुंगणाची राखण करतेय. ते कधी हलतं याच्यावर हिचा डोळा!"

अशा हसल्या बायका. नवरीची आई तर डोळे पुसायला लागली. मीच दाराशी जाऊन बसले असते तर बरं झालं असतं, इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर मी खाली मान घालून मटण तोडत बसले आणि मनातल्या मनात तिला जे जे म्हणायचं ते म्हटलं. तिच्यापुढे चरबीचा तुकडा आला, तिने थोडा खाल्ला, खारट रस्सा प्याली, नवरीला जवळ बोलावून तिच्या कपाळाचा मुका घेतला. जेवणं झाली. सगळ्या बायकांनी तळवे वर केले. उल्कानने दुवा सुरू केली.

ती दुवा सुंदर द्यायची, हे मी मघाशी सांगितलं नाही. सांगायचं नव्हतं. आवाज खर्जातला, शब्द असे एकामागून एक यायचे की मांडीवरचं पोरसुद्धा गप्प व्हायचं. त्या दिवशीही दुवा तशीच सुरू झाली. घर भरू दे. चूल पेटती राहू दे. या पोरीच्या... आणि तिथे थांबली. "या पोरीच्या," पुन्हा म्हणाली. मग नुसतं "पो... पो..." बायकांना वाटलं, म्हातारीला गहिवरून आलं. दोघीतिघी मुसमुसायलाही लागल्या. पण माझा गुडघा तिच्या गुडघ्याला लागलेला होता. तिचा उजवा हात वर धरला होता तो खाली आला आणि माझ्या रश्श्याच्या वाडग्यात पडला. तिने तो काढला नाही.

"एल्मिरा!" मी किंचाळले.

मग एकच धांदल. बेगिमाय धावत घरात गेली आणि उशीखालचं पाकीट घेऊन आली, "राहिलेल्या सगळ्या देऊ का, देऊ का" म्हणत. एल्मिराने ते तिच्या हातातून हिसकावून घेतलं. "तोंडात काही घालायचं नाही! पाणीसुद्धा नाही! कुशीवर करा, आणि गाडी आणा!" दस्तरखान गुंडाळायला वेळ नव्हता. उल्कानला त्यावरून उचलून नेलं, रोट्यांवरून, मिठाईवरून. ती माझ्याकडे बघत होती. तोंड एका बाजूला ओघळलं होतं, पण डोळे तिचेच होते आणि त्यांत भीती होती. ती भीती मी आधी कधी बघितली नव्हती, आणि बघून मला मुळीच आनंद झाला नाही. मला तिचा भयंकर राग आला. इतका राग तिने साय कुत्र्याला घातली तेव्हाही आला नव्हता.

नारीनच्या दवाखान्यातून ती बरीच उशिरा घरी आली. जगली. उजवा पाय ओढत चालते, उजवा हात लोंबतो. दोन-चार शब्द येतात, तेही ओले. "हो" येतं, "नाही" फार चांगलं येतं. आता दोन प्रकारच्या गोळ्या आहेत, त्यांतली एक तीच. बेगिमाय रोज सकाळी न्याहारीबरोबर समोर ठेवते आणि जाऊबाई डाव्या हाताने उचलून गिळतात, प्रत्येकी एक म्हणजे एकच. रक्त तपासायला स्वतःहून काठी टेकत जातात. चहात मीठ नाही. मी अधूनमधून जाते, समोर बसते. ती भिंतीकडे तोंड करते. मी तिच्या भिंतीकडे केलेल्या तोंडाला गावातल्या बातम्या सांगते आणि येते.

वसंतात माझा नातू पाय टाकायला लागला. आमच्यात अशा पोराच्या पायांत दोरी बांधून ती कापतात, म्हणजे पोर अडखळणार नाही. समारंभ माझ्या घरी. मी उल्कानला बोलवायला बेगिमायला सांगितलं, येईल असं वाटलं नव्हतं. आली. बायकांनी दोन्ही बाजूंनी धरून तिला तोरकडे न्यायला सुरुवात केली, रीतच आहे. तिने काठी आपटली. "नाही," म्हणाली, स्पष्ट. दंड सोडवून घेतला, आणि दाराशी, समोवारापाशी, चौकटीला पाठ लावून खाली बसली. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

तर मी जाऊन तोरवर बसले. बसायलाच हवं होतं कुणीतरी. पाठीला रजया मऊ लागल्या. चरबीचा तुकडा माझ्यासमोर आला. मी तो चावत होते आणि डोळे सारखे दाराकडे जात होते. ती चहा पीत होती, प्याल्यावर प्याला. मधेच तिने चौकट धरली, आधी उकिडवी बसून जरा दम खाल्ला, मग उठली, बाहेर गेली, बटाट्यांच्या वाफ्यापलीकडे जाऊन सावकाश परत आली आणि पुन्हा प्याला पुढे केला. कुणाचे गुडघे हलले नाहीत. मला मात्र सकाळपासून अडकून बसावं लागलं होतं.

मग दुवेची वेळ झाली. मी तळवे वर केले. पोरासाठी मागितलं, घरासाठी मागितलं. माझा आवाज काही खर्जातला नाही, पण मी मनापासून मागितलं. मग म्हटलं, आमच्या थोरल्या जाऊबाईंना बळ दे, त्यांची वाचा त्यांना परत दे. घरभर तळवे वर होते, पोरांचेसुद्धा, ओमीन म्हणून तोंडावरून फिरवायला तयार. तिचा उजवा हात मांडीवर बेगिमायने ठेवला होता तसा पडला होता. तो उचलत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. डावा दिसत नव्हता. नीट बघितलं तर तिने तो मांडीखाली दाबून ठेवला होता, आणि ती सरळ माझ्या डोळ्यांत बघत होती.

मी ओमीन म्हटलं नाही. सगळे तळवे वर धरून ताटकळले.

"जाऊबाई," मी म्हटलं, "डावा हात."

तिने तो आणखी आत सरकवला.